वर्गणीचा अभिमान

अदीस अबाबा, २ मार्च २०२६
इथल्या पंचांगाप्रमाणे २३ येकातित २०१८

आज अद्वाची सुट्टी, इथियोपियाने अद्वाच्या लढाईत इटलीला हरवलं त्याचा सण. विद्यापीठ बंद, बँका बंद, आणि पियासा या जुन्या, इटालियन नावाच्या भागाकडे जाणारे रस्ते पहाटेपासून माणसांनी फुललेले. तिथल्या मेनेलिक राजाच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती म्हातारे डोक्याला सिंहाची आयाळ लावून, हातात ढाल-भाले घेऊन फुकेरा म्हणत होते. फुकेरा म्हणजे वीरश्रीच्या आरोळ्या. शब्द निम्मेच कळतात मला, पण पोवाडे ऐकत वाढलेल्या माणसाला बाकीचे निम्मे कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. पोरंपोरी हिरवा-पिवळा-लाल पट्टा गालावर रंगवून फोटो काढत होती. दोन घोडे बिथरले आणि फोटोवाले पांगले.

लढाई झाली १ मार्च १८९६ ला. सण मात्र २ मार्चला, कारण इथलं पंचांग १९०० सालानंतर इंग्रजी कॅलेंडरपासून आणखी एक दिवस सरकलं. याची कुणाला काहीच अडचण वाटत नाही. तारीख त्यांची आहे, सरकलं असेल तर इंग्रजी कॅलेंडर सरकलं असेल, असा एकूण आविर्भाव. तेरा महिन्यांचं वर्ष, सूर्योदयापासून मोजायचे तास, स्वतःची लिपी. हे सगळं इथे बँकेच्या पावतीवरसुद्धा चालतं. आपलंही शके १९४७ चालू आहे, सरकारी राजपत्रावर ते छापतातही. पण मला शक सांगून कुणी लग्नाला बोलावल्याचं आठवत नाही.

अद्वाबद्दल इथे येईपर्यंत मला फारसं माहीत नव्हतं. युरोपातली राष्ट्रं आफ्रिका वाटून घेत असताना मेनेलिकने सगळ्या प्रांतांतून माणसं गोळा केली, सुमारे एक लाख. समोर इटलीच्या बाजूने साधारण १७ हजार, पण जास्त तोफा आणि कवायती शिस्त त्यांची. दुपारपर्यंत खेळ आटोपला. मला त्यातली राणी तायतू जास्त आवडते. त्याआधी मेकेलेच्या किल्ल्यात इटालियन सैन्य अडकलं असताना तिने त्यांचं पाण्याचं ठिकाणच ताब्यात घ्यायला लावलं. तटावर डोकं आपटत बसण्यापेक्षा पाणी तोडा. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो, पाण्याचा विषय निघाला की माझं मत आपोआप त्या बाजूला जातं.

पण आजचा दिवस सगळ्यांना सारखाच गोड नाही, हेही लिहून ठेवतो. ओरोमो आणि दक्षिणेकडच्या लोकांच्या आठवणीत मेनेलिक हा त्यांचा मुलूख जिंकून घेणारा राजा आहे. माझ्याच विभागातला एक सहकारी आजच्या दिवशी मुद्दाम गावी जातो. आणि अद्वा हे गाव आहे उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतात, जिथे २०२० ते २०२२ इतकं भीषण युद्ध झालं की त्याबद्दल इथे कुणी मोठ्या आवाजात बोलत नाही. ज्या गावाच्या नावाने राजधानीत घोडे नाचतात, त्या गावच्या लोकांना आपल्याच देशाच्या तोफा ऐकाव्या लागल्या. २०२३ साली तर याच दिवशी याच चौकात पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता. सण साजरा कुणी आणि कुठे करायचा यावरूनच वाद. २०२४ मध्ये चौकाला लागून अद्वाचं भलंमोठं स्मारक उभं राहिलं. इमारत देखणी आहे, काँक्रीटचं काम चांगलं आहे. सरकारी अभिमानाबद्दल मात्र मी जरा सावधच असतो. होर्डिंगवरचा अभिमान फुकट मिळतो.

चौकातून परतताना माकियातो प्यायलो. इटालियन लोक १९३६ ते १९४१ इथे ठाण मांडून होते. ते गेले, त्यांची कॉफीची यंत्रं राहिली. अद्वाच्या दिवशी इटालियन नावाच्या भागात बसून इटालियन नावाची कॉफी पिताना कुणाच्याही चेहऱ्यावर रेषा हलत नाही. मला हे फार आवडतं. जिंकलेल्या माणसाला असली ऐट परवडते.

त्या पाच वर्षांत अक्सुमचा प्राचीन स्तंभ उचलून रोमला नेला होता. १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये राजाच्या अंगरक्षक दलातला एक जवान, अबेबे बिकिला, रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला. वाटेत तो स्तंभ होता. स्तंभ परत यायला २००५ साल उजाडलं. आजही मेस्केल चौकाच्या पायऱ्यांवर पहाटे पोरं धावत असतात. देरार्तू तुलू, केनेनिसा, तिरुनेश ही सगळी नावाजलेली धावपटू मंडळी अर्सीच्या डोंगराळ भागातून, बेकोजीच्या आसपासची. हायले गेब्रसेलासीने तर धावून मिळवलेला पैसा इथेच हॉटेलांत घातला. रिक्षावाल्याला विचारा, यातल्या प्रत्येकाची वेळ सेकंदासकट सांगेल.

मला खरं लिहायचंय ते धरणाबद्दल.

माझ्या घरमालकीणबाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मी त्यांना सगळ्यांसारखं 'इमाये' म्हणतो, त्या मला 'लिजे', म्हणजे लेकरा, म्हणतात. आज संध्याकाळी त्यांच्याकडे बुनाला, म्हणजे कॉफीला, बोलावणं होतं. गवत पसरलेलं, धूप जळतोय, कॉफीचे हिरवे दाणे समोरच भाजले जातायत. ख्रिस्ती लोकांचा मोठा उपास चालू आहे आणि मुसलमानांचा रमजानही, त्यामुळे या दिवसांत दिवसभर अख्ख्या गल्लीत मांसाचा वास नाही. माझ्यासारख्या शाकाहारी माणसाची चैन. जेबेना या मातीच्या कॉफीच्या भांड्यातून पहिला कप अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका. तिसरा घेतल्याशिवाय उठलात तर घरच्यांना वाईट वाटतं.

दुसऱ्या कपाला इमाये आत गेल्या आणि पत्र्याच्या डब्यातून एक कागद घेऊन आल्या. नाईलवरच्या धरणाचा रोखा. २०११ च्या एप्रिलमध्ये कामाला सुरुवात झाली तेव्हा नाईलच्या खालच्या अंगाला असलेल्या इजिप्तची कडक हरकत होती, आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी हात आखडता घेतला. नाईलचं सुमारे ८५ टक्के पाणी या डोंगरांतून जातं, पण त्यावर बांधायला कर्ज मिळेना. मग सरकारने लोकांकडून पैसे घेतले. सरकारी नोकरांनी एक महिन्याचा पगार द्यायचा, हप्त्याहप्त्याने. कागदावर ऐच्छिक. मुख्याध्यापक समोर वही धरून उभा असेल तर कोण नाही म्हणतो?

"मनातून द्यायचे नव्हते का?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी चिडले होते," इमाये म्हणाल्या. "मग स्वतःहून आणखी एक घेतला."

त्यामागचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. रोख्यावर व्याज मिळतं, पण महागाईपुढे ते काहीच नाही. हिशेबाने पाहिलं तर बाईंचं नुकसानच झालं. गेल्या सप्टेंबरात उद्घाटन झालं तेव्हा त्यांनी शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून टीव्हीसमोर बसवलं होतं. १४५ मीटर उंच, ५,१५० मेगावॉट. आमच्या कोयनेच्या अडीच पटींहून जास्त. बांधणारी मुख्य कंपनी इटालियन, हे मी हळूच सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. "मग? या वेळी मजुरी घेऊन आले," म्हणाल्या.

देशातल्या जवळजवळ निम्म्या घरांत अजून वीज पोचलेली नाही. तारा, खांब, उपकेंद्रं यांचा खर्च धरणाइतकाच डोकं खाणारा असतो, आणि त्यांच्यासाठी कुणी झेंडे घेऊन नाचत नाही. वर्गात मी मुलांना हेच सांगतो. पण इमायेंच्या हातातला तो कागद पाहताना मी हे बोललो नाही. गणपतीची वर्गणी दिलेल्या माणसाला मांडवाच्या खर्चाबद्दल तक्रार करायचा हक्क असतो. बाहेरच्याने ती करू नये.

त्यांची धाकटी मुलगी माझीच विद्यार्थिनी. जलव्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षणासाठी तिला जर्मनीत शिष्यवृत्ती मिळाली आहे. आजचा बुना त्याचाच. आता शिष्यवृत्ती मिळाली तरी व्हिसाची कागदपत्रं, तिकीट, सुरुवातीचा खर्च असतोच. २०२४ च्या जुलैत सरकारने बिर, म्हणजे इथलं चलन, बाजारावर सोडला. तोवर डॉलरला ५७-५८ बिर पडायचे, आता दीडशेच्या वर. शिक्षिकेच्या पेन्शनमध्ये हे बसणं शक्यच नाही. मग गल्लीतल्या बायकांचं इकुब कामाला आलं. इकुब म्हणजे आपली भिशी, अगदी तीच. या महिन्याची चिठ्ठी कोपऱ्यावर तेफ या धान्याचं पीठ विकणाऱ्या बाईच्या नावाने निघाली होती. तिने आपली पाळी इमायेंना दिली. तिच्या दुकानाचा पत्रा गळतो, तो मी रोज पाहतो.

ती बाईही आज आली होती. मुलीला जवळ बसवून तिने इंजेराचा, म्हणजे तेफच्या आंबवलेल्या भाकरीचा, मोठा घास शिरो या डाळीच्या पिठाच्या कालवणात बुडवून स्वतःच्या हाताने भरवला. असा घास म्हणजे गुर्शा, तो एकदा देऊन थांबायचं नसतं, म्हणून लगेच दुसरा. मुलीचे गाल फुगलेले आणि बायका हसून "गोबेझ! गोबेझ!" म्हणजे शाब्बास, शाब्बास करतायत.

मग मुलीचे मामा बोलले. टॅक्सी चालवतात, मतं ठाम. "जाणारे सगळे परत येतो म्हणतात," ते म्हणाले. "देशाने धरण बांधलं आणि धरण समजणारी पोरं जर्मनीला चालली." मुलगी गप्प बसणाऱ्यांतली नाही. इथे अभियंत्याच्या पगारात खोलीचं भाडं भागत नाही, वर्गातल्या कितीतरी मुलांना पदवीनंतर कामच मिळालं नाही, झेंड्याने भाडं भरता येतं का, असं तिने सरळ विचारलं. मामांनी अद्वा काढलं. तिने विचारलं, अद्वाला गेलेल्यांना शिधा कोण पुरवत होतं? शेतकरीच ना? मग आज शेतकऱ्याच्या पोराला काय मिळतं? इमाये दाणे परतत राहिल्या. मला मुलीचं म्हणणं पटलं. मामांची भीतीही खोटी नव्हती.

विषय निवळावा म्हणून असेल, मुलीने मला विचारलं, "मेमहिर," म्हणजे सर, "आमच्याकडून तुमच्या गावाकडे कुणी गेलं होतं का कधी?"

माझं गाव छत्रपती संभाजीनगर. मग मी मलिक अंबरची गोष्ट सांगितली. याच मुलखात जन्मलेला पोरगा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला पोचला. तिथे निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना गनिमी काव्याने वर्षानुवर्षं जेरीस आणलं, आणि १६१० मध्ये खडकी हे शहर, म्हणजे आमचं आजचं संभाजीनगर, वसवलं. त्याने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणलं. त्या नहरीचे अवशेष मी कॉलेजात असताना मोजपट्टी घेऊन पाहिलेत. उतार इतका हलका आणि अचूक ठेवलाय की आजच्या ठेकेदाराला दाखवावा. त्याला जाऊन यंदा चारशे वर्षं होतील. कबर खुलताबादला आहे.

मुलगी एकदम ताठ बसली. "पाण्याचं काम केलं त्याने?"

"पाण्याचंच."

"बघ," ती मामांना म्हणाली.

"आणि परत आला का तो?" मामांनी मला विचारलं. प्रश्न मला होता, टोमणा तिला.

"नाही."

मामांनी हात झटकले, म्हणजे झालंच की. इमायेंनी तिसरा कप माझ्यासमोर ठेवला आणि भावाकडे वळून म्हणाल्या, "त्याला विकून नेला होता. हिला आम्ही पाठवतोय. शिवाय त्याच्या वेळी इथियोपियन एअरलाइन्स नव्हती."