हेगमध्ये पोचलेला ‘सरंजाम’

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आमचं एक इनामपत्र होतं. मोडी शिकल्यावर मी आधी तेच वाचायला घेतलं. घड्यांवर कागद फाटलेला, शाई तांबूस पडलेली. आजी जन्मभर ज्याला ‘आपलं गाव’ म्हणायची, त्या गावाचा फक्त वसूल आम्हाला लावून दिला होता. गाव सरकारचंच.

या फरकाचं वजन मला दादरा-नगरहवेलीच्या खटल्याचा निकाल वाचताना कळलं.

1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी तिथली पोर्तुगीज सत्ता उलथवली. आपले सुधीर फडकेही त्यांत होते. दमणहून तिकडे फौज न्यायची तर वाट भारतातूनच, आणि भारताने ती अडवली. पोर्तुगाल 1955 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला आणि त्याच महिन्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आधार कशाचा, तर 1779 च्या पुण्याच्या तहाचा आणि 1783 व 1785 च्या मराठा सनदांचा. पेशव्यांनी हा मुलूख आम्हाला सार्वभौम हक्काने दिला, असं त्यांचं म्हणणं.

न्यायाधीशांनी शब्द तपासले. दिलेला होता तो सालीना 12,000 रुपयांचा सरंजाम, म्हणजे नुसता वसूल. मुलूखच तोडून द्यायचा असला की मराठे तसं स्वच्छ लिहीत. इथे तसं काही नव्हतं. 12 एप्रिल 1960 च्या निकालातला हा भाग मी कितीदा वाचला असेन. आमच्या पेटीतल्या कागदाचाच न्याय होता तो.

पण पुढचं मला अजून बोचतं. मराठ्यांनी जे दिलंच नव्हतं, ते त्यांच्यानंतर आलेल्या इंग्रजांनी न बोलता मानलं, म्हणून पोर्तुगालचं सार्वभौमत्व न्यायालयाने धरलं. तिथल्या वारली, कोकणा, धोडिया आदिवासींना ना पेशव्यांनी विचारलं होतं, ना इंग्रजांनी. माणसांच्या आणि मालाच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला. फौज आणि शस्त्रं नेण्याचा नाही. भारताने वाट अडवली यात कसूर ठरली नाही.

तोवर तिथला कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. 1961 मध्ये दहावी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा हा प्रदेश आपल्या राज्यघटनेत लिहिला गेला. नुसत्या ताब्यावर काम भागवलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

इनामपत्राचं लिप्यंतर मी आत्याला दिलं. “म्हणजे गाव आपलं नव्हतंच?” तिने विचारलं. मी ‘वसूल’ या शब्दावर बोट ठेवलं.