टाकी गळत नव्हती

रविवार, रात्रीचे साडेअकरा

गच्चीवरच्या टाकीचा तो सेन्सर. मार्चपासून चाललंय हे. सुरुवात साधी होती, आई मोटार लावते आणि विसरते, मग टाकी वाहते, म्हणून म्हटलं एक नोडएमसीयू (कोड टाकून चालवायचा छोटा वायफाय बोर्ड) पडलाय ड्रॉवरमध्ये, पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तो वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर आणू, झाकणापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा, आणि किचनमध्ये एक बझर लावून टाकू. एका रविवारचं काम. हा हा.

पहिल्याच आठवड्यात कळलं की हा सेन्सर वीसेक सेंटीमीटरच्या आतलं काही बघूच शकत नाही, म्हणजे टाकी भरत आली की नेमका आंधळा होतो. बझर वाजलाच नाही आणि सगळं पाणी शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर. काकू अजून माझ्याशी तुटक बोलतात. मग झाकणावर चार इंची पाइपचा तुकडा बसवून सेन्सर वर उचलला, ते जमलं.

खरी गंमत पुढे. मी हौसेने ग्राफ लावला फोनवर, दर पाच मिनिटांनी एक रीडिंग. आणि बघतो तर रोज रात्री अकरा ते पहाटे पाच पाणी दीड सेंटीमीटर खाली. सगळे झोपलेले, नळ बंद. आमची हजार लिटरची टाकी, सेंटीमीटरला आठ-नऊ लिटर धरले तरी रात्रीत बारा-तेरा लिटर जातात कुठे? म्हटलं गळतेय. दोन्ही फ्लशचे वॉशर बदलले, प्लंबर दादांना बोलावलं, त्यांनी सगळीकडे हात फिरवून बघितलं आणि तीनशे रुपये घेऊन म्हणाले काही गळत नाहीये, तुमचं मशीन बघा. मला राग आला खरं तर. मशीन बघा म्हणे!

मग परवा सगळे लग्नाला गावी गेलो होतो, घर दोन दिवस बंद. आल्यावर ग्राफ उघडला तर रात्री पाणी कमी आणि दुपारी परत वाढलेलं. मोटार न लावता. च्यायला, गळणारी टाकी उन्हात भरत नाही ना! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सेन्सर पाणी मोजतच नाही, आवाज जाऊन परत यायला किती वेळ लागला तेवढंच मोजतो, आणि मी कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असा ठोकून ठेवलाय, जो २० डिग्रीला बरोबर आहे. काळ्या टाकीत मे महिन्यात २० डिग्री कधी असणार? दर डिग्रीला वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे दुपारी हवा तापली की प्रतिध्वनी लवकर येतो आणि कोडला वाटतं पाणी वर आलं, पहाटे हवा गार झाली की उलटं. दहा डिग्रीचा फरक आणि वर मीटरभर मोकळी जागा, झाले की पावणेदोन सेंटीमीटर. दोन महिने मी टाकीतल्या हवेचं तापमान मोजत होतो आणि वॉशर बदलत होतो.

आता तापमानाचा छोटा सेन्सर लावायचा, तो डीएस१८बी२०, एक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि कोडमध्ये दोन ओळी. आज संध्याकाळी बसलोच होतो तेवढ्यात डीप स्लीपसाठी, म्हणजे बोर्ड मधल्या वेळात झोपवून वीज वाचवायला, डी-झिरो पिनची वायर रिसेट पिनला जोडलेली काढायला विसरलो, कोड अपलोडच होईना, एक तास त्यात गेला, चहा गार, बाबा मॅच बघताना दोनदा हाक मारून गेले. शेवटी वायर काढली, अपलोड झालं, तर रेझिस्टर सापडेना.

जेवताना आईला सगळं समजावून सांगितलं, आवाज, हवा, पहाटेचा गारवा. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, पण आत्ता पाणी किती आहे?"

सगळं सुटं करून टेबलावर पसरलेलं. टॉर्च घेऊन वर गेलो, झाकण उघडून बघितलं.

अर्धी आहे.