पाच व्हॉल्व्हचा सेट: काम कुठवर आलं

मंडळी, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ सेट काल रात्री सलग साडेतीन तास चालला. बंद करून लगेच ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला तर कोमट, बस. महिन्याभरापूर्वी हाच ट्रान्सफॉर्मर वीस मिनिटांत असा तापायचा की वार्निशचा वास खोलीभर पसरायचा. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय, माझे जे तीन आठवडे यात गेले ते तुमचे जाऊ नयेत.

सेटमध्ये ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, आउटपुटला ईएल ८४, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) ईझेड ८०, आणि या पाचांच्या वर मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते उजेडाने दाखवणारा ईएम ८४. आवाज यायचा पण फाटलेला, आणि सेट गरम झाला की अजून बिघडायचा. ज्याला विचारलं तो म्हणाला आउटपुट व्हॉल्व्ह गेला, बदलून टाक. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून दुसरा ईएल ८४ आणला, लावला, अगदी तेच. मग जुन्या नाशकात एक काका आहेत, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, आता दुकान बंद केलंय, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सेट उघडायच्या आधीच विचारलं, "कॅथोडवर किती व्होल्ट आहेत ते बघितलं का रे?" नव्हतं बघितलं.

घरी येऊन ईएल ८४ च्या ३ नंबरच्या पिनवर, म्हणजे कॅथोडवर, मीटर लावला तर १२ व्होल्ट. कॅथोडचा रेझिस्टर १५० ओहमचा, म्हणजे ८० मिलीअँपिअर एकट्या आउटपुट व्हॉल्व्हमधून जातायत, जिथे साधारण ५० पाहिजेत. ईझेड ८० ची मर्यादाच ९० मिलीअँपिअरची, बाकीचे व्हॉल्व्ह धरले तर ती केव्हाच ओलांडलेली. ट्रान्सफॉर्मर तापणार नाही तर काय! मग २ नंबरची पिन म्हणजे ग्रिड, व्हॉल्व्हमधला करंट ताब्यात ठेवणारी जाळी, तिथे शून्य हवं तर जवळपास ५ व्होल्ट पॉझिटिव्ह. आता दोन शक्यता, एकतर व्हॉल्व्हचं ग्रिडच बिघडलंय नाहीतर आधीच्या स्टेजकडून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय, म्हणजे आवाजाचा सिग्नल तेवढा पुढे सोडून डीसी अडवायचं काम तो करत नाहीये. काकांनी सांगितलेली युक्ती अशी की ईएल ८४ सॉकेटमधून काढून घ्यायचा आणि सॉकेटच्या त्याच पिनवर पुन्हा मोजायचं, व्होल्टेज गेलं तर दोष व्हॉल्व्हचा, राहिलं तर कंडेन्सरचा. राहिलं.

तो ०.०१ मायक्रोफॅरडचा मेणकागदी कंडेन्सर काढून साध्या मल्टीमीटरवर बघितला तर चांगला दाखवतो, कारण मीटर ओहमवर फार कमी व्होल्टेज देतो आणि सर्किटमध्ये याच्यावर ८०-९० व्होल्ट असतात. गळती तेव्हाच सुरू होते. हिशोब केला तर त्याचा गळतीचा रेझिस्टन्स ८ मेगाओहमच्या आसपास येतो, एवढ्याशा गळतीने अख्खा सेट वेठीला धरलेला. ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर डाग देऊन बसवला, ग्रिड शून्य, कॅथोड साडेसात व्होल्ट, आणि आवाज एकदम मोकळा झाला. जुना ईएल ८४ परत लावला तर तोही उत्तम चालतो, आता तोच ठेवलाय. काकांचं म्हणणं मला पूर्ण पटलंय, काच शाबूत असेल आणि फिलामेंट पेटत असेल तर व्हॉल्व्हवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. बाकीचे कागदी कंडेन्सरही एकेक करून बदलले. एकदम सगळे काढू नका, कनेक्शन चुकतं.

डीसी सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर ६० वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये हळूहळू जागे केले, टिकले. लाइनच्या व्होल्टेजचा सिलेक्टर २२० वर होता तो २४० वर केला, आमच्याकडे रात्री लाइनला २४० च्या वर असतात. आणि चेसिसमध्ये हात घालायच्या आधी फिल्टर डिस्चार्ज करा, २५० व्होल्ट असतात तिथे.

डायलचा दोरा सरकत होता, त्याला वाद्यांच्या दुकानातून आणलेली राळ घासली, पकड आली. आयएफच्या (सेटच्या आतल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या) कॉइलमधल्या फिरवायच्या कोअर अडकलेल्या होत्या, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने जोर केला की फेराइट तडकतं म्हणून प्लॅस्टिकची विणकामाची सुई घासून चपटी केली आणि ४५५ किलोहर्ट्झला जुळवलं.

एवढं करूनही मीडियम वेव्हवर खरखर होतीच. मी पुन्हा सेटमध्येच शोधत बसलो, आणि शनिवारी मेन्टेनन्सला लाइट गेली तेव्हा सहज सेलवरचा ट्रान्झिस्टर लावला तर काय, मुंबई आकाशवाणीचं ५५८ किलोहर्ट्झ काचेसारखं स्वच्छ! म्हणजे खरखर सेटची नव्हतीच, घराची होती. लाइट आल्यावर ट्रान्झिस्टर हातात धरून एकेक स्विच बंद करत गेलो, वायफायचा अडॅप्टर आणि जिन्यातला एलईडी बल्ब, हे दोघं निघाले. अडॅप्टरच्या वायरला खरखर अडवणारं फेराइटचं कडं लावलं, बल्ब बदलला. एरियलसाठी गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत बारा मीटर तार ताणली, कुंडीशेजारी मातीत वेगळी अर्थिंग दिली, मॅजिक आयच्या दोन हिरव्या पट्ट्या आता स्टेशनवर जवळजवळ भिडतात.

दिवसा मुंबई ५५८ आणि १०४४, पुणे ७९२. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा, मीडियम वेव्ह शोषून घेणारा डी थर विरतो आणि लांबचं यायला लागतं, काल राजकोट १०७१ खिडक्या थरथरतील असं आलं. शॉर्टवेव्हला १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदाचे ठोके मिळाले, त्यावरून डायलचा काटा बरोबर जागी आणला.

मॅजिक आय अंधारातच दिसतो, त्याचं फॉस्फर थकलंय, पण तो तसाच राहू देणार. कॅबिनेटचा डावा व्हिनीअर सुटलाय, पुढच्या रविवारी तो चिकटवून लाखेचं पॉलिश करायला घेतो. स्पीकरच्या कापडाचं मात्र अडलंय, तसं सोनेरी जरीच्या विणीचं जुनं कापड नाशकात कुणाकडे पडून असेल तर कळवा, हातभर पुरे.