पहिल्याच दिवशी नर की मादी

मुंबईच्या मनोरीला आमच्या घरामागे खुराडे आहे. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटून वाळली की मी एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन खिडकीच्या उजेडात धरतो. ज्याच्या पाठीवर खारीसारखे गडद पट्टे असतात आणि डोळ्याच्या कडेला काजळ ओढल्यासारखी रेघ असते, ती तलंग. ज्याचे पट्टे धुतल्यासारखे फिके आणि डोक्यावरचा पांढरा ठिपका पसरट असतो, तो कोंबडा.

पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात आणि मादीकडे एकच. पिसांवर आडवे पांढरे पट्टे आणणारे जनुक याच झेडवर असल्याने शुद्ध वाणात नराला त्याची दुहेरी मात्रा मिळते, मादीला एकेरी; म्हणून नर पिल्ले फिकी दिसतात. हे हेरून आनुवंशिकशास्त्रज्ञ पनेट आणि पीज यांनी १९३०च्या आसपास केंब्रिजमध्ये केंबार आणि पुढे लेगबार हे वाण तयार केले. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी यांच्या संकरातही पिल्ले ओळखता येतात, पण पहिल्या पिढीपुरतीच. मला पिढ्यान् पिढ्या टिकणारी खूण हवी होती, म्हणून मी पट्टेरी कोंबडा गावठी कोंबड्यांवर सोडला. पहिली पिढी काळीच निघाली. तिच्यातले नर पुन्हा गावठी तलंगांना लावल्यावर खारीच्या पाठीची आणि पट्टेरी पिसांची पिल्ले मिळाली, आणि त्यांच्या आपसातल्या संकरातून दुहेरी मात्रेचे नर आले.

जवळच्या नात्यातली वीण वाढली की कळप नाजूक होतो, हे ठाऊक असूनही मी निवड केली ती निव्वळ ठिपका पाहून. त्याच सुमारास आठवडी बाजारातून आणलेल्या दोन कोंबड्या चारच दिवस वेगळ्या ठेवून मी कळपात सोडल्या. आठवडाभरात हिरवट हगवण सुरू झाली, माना वाकड्या झाल्या. मानमोडीने, म्हणजे रानीखेत रोगाने, अकरा पक्षी नेले. त्यांत सर्वांत सुरेख ठिपक्याचा कोंबडाही गेला. त्या पक्ष्यांची लसीची दुसरी मात्रा मीच पुढे ढकलली होती.

आता लासोटा या रानीखेतच्या लशीचे थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात घालतो, चौथ्या आठवड्यात पुन्हा देतो आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही त्याच रोगाची लस टोचून घेतो. (रोगाला रानीखेतचे नाव, आर-टू-बीचा वाण मुक्तेश्वरचा, दोन्ही गावे कुमाऊंतलीच.) लस मार्वेहून तरीने थर्मासमधल्या बर्फात आणावी लागते, आणि फोडलेली कुपी दोन तासांत संपवायची असल्याने वीस पिल्लांसाठी शंभर मात्रांची कुपी फोडणे जिवावर येते; तरी फोडतो. नवा पक्षी तीस दिवस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि त्याचा दाणापाणी सर्वांत शेवटी होतो.

पावसाळ्यात भीती रक्ती हगवणीची; ती खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसात फैलावते. म्हणून रोज सकाळी मूठभर तूस दाबून पाहतो: मूठ सोडल्यावर गोळा तसाच राहिला, तर त्याच दिवशी तूस बदलतो. नर निवडतानाही आता आधी वजन, चाल आणि आजारपणाची नोंद पाहतो, मग ठिपका. त्यामुळे खुणा थोड्या पुसट झाल्या, हे मान्य करावे लागते.

परवाच्या चौदा पिल्लांत आठ तलंगा आणि पाच कोंबडे निघाले. चौदाव्याचे पट्टे ना गडद ना फिके. त्याच्या पायात लाल दोरा बांधला आहे, आणि तुरा रंगू लागेपर्यंत त्याला वहीत जागा रिकामी ठेवली आहे.