शेवाळ निवडणारी बाई

आमच्या रत्नागिरीच्या घरी शेवाळ म्हणजे शत्रू. श्रावणात विहिरीकडच्या जांभ्याच्या पायऱ्या हिरव्या झाल्या की आई पदर खोचून, सोडण आणि ब्लीचिंग पावडर घेऊन बसते. काकांचा पाय तिथेच मोडला होता, हे घासता घासता दरवर्षी एकदा ऐकवते. अशा बाईला मी जपानात, क्योटोला, शेवाळाची बाग दाखवायला नेलं.

आदल्या दिवशी सोनेरी किन्काकुजी मंदिर गर्दीतून उरकलं (मूळचं १९५० साली जळलं, हे १९५५ चं) आणि रिओआन्जी मंदिराची दगडांची बाग बघायला गेलो. पांढऱ्या खडीचं लांबट अंगण, त्यात पंधरा दगड, आणि पडवीत बूट काढून गप्प बसलेली माणसं. पडवीत कुठेही बसा, एखादा दगड दुसऱ्यामागे लपतोच. आईने बोट नाचवत मोजले, चौदा भरले. सरकून पुन्हा मोजले, पुन्हा चौदा. "बाग कुठाय?" तिने कुजबुजत विचारलं. तिचंही बरोबर होतं. बाग म्हटली की आपल्याला गुलाब, कारंजं आणि फाटकाबाहेर भेळवाला लागतो. खडीवर दाताळ्याने ओढलेल्या रेघा मात्र तिला आवडल्या. "हात चांगलाय," म्हणाली. शेजारणीची रांगोळी बघून म्हणते, तसंच.

शेवाळाची बाग म्हणजे साइहोजी मंदिराची. मुसो सोसेकी या झेन पंथाच्या बौद्ध भिक्षूने १३३९ मध्ये ती नव्याने घडवली. आधी नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि सोडलं तरी पहिल्यांदा बौद्ध सूत्र, म्हणजे धर्मग्रंथातला पाठ, लिहायला बसवतात. कागदावर फिकट छापलेली अक्षरं, त्यांवरून ब्रश फिरवायचा. मी खाणाखुणा करत समजवायला लागले, तर आई म्हणाली, "अगं, गिरवायचंय ना?" माझ्याआधी संपवून बसली होती.

बाहेर आलो आणि दोघी थबकलोच. बुंध्यांवर, दगडांवर, तळ्याच्या काठाला, नुसतं शेवाळ. शंभराच्या वर जाती म्हणे. कुठे मुगाच्या सालीचा हिरवा, कुठे कच्च्या कैरीचा, कुठे पार काळपट. पाय ठेवायला तेवढी वाट.

वाटेच्या कडेला एक वयस्क बाई उकिडवी बसली होती. डोक्याला रुमाल, शेजारी टोपली. चिमटीत धरून शेवाळातलं तण उपटायचं, टोपलीत टाकायचं, उचकटलेली जागा तळव्याने हलकेच दाबायची. मेथी निवडावी तशी ती बाग निवडत होती. आई सरळ तिच्याशेजारी उकिडवी बसली. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. बाईने मुळासकट आलेलं एक तण वर धरून तोंड वाकडं केलं, आई म्हणाली, "मेलं पुन्हा येणार." बाईने जोरात मान डोलावली.

मंदिराकडे निगराणीला पैसा उरला नाही, त्या काळात हे शेवाळ आपसूक पसरलं, असं सांगतात. परतीच्या बसमध्ये मी आईला ते सांगितलं. मांडीवर संत्र्याच्या सालांची पुडी होती. सकाळपासून कचऱ्याचा डबा म्हणून दिसला नव्हता.

"म्हणजे कुणी घासलं नाही म्हणून," ती म्हणाली.

"हो."

तिने पुडीची घडी आणखी घट्ट केली. "त्यांच्यात कुणाचा पाय मोडला नसेल."