कुत्र्यांच्या घरात मुंग्यांचा बंदोबस्त : माझा अनुभव

पावसाळ्यात जमिनीत पाणी मुरलं की मुंग्या कोरडी जागा शोधत वर येतात. तळमजल्यावरच्या घरात त्यांचा पहिला मुक्काम बहुतेकदा कुत्र्याच्या ताटलीपाशी असतो, कारण दिवसभर उघडं राहणारं अन्न घरात तेवढंच असतं. म्हणून मी सुरुवात औषधापासून न करता ताटलीपासून केली.

खाणं वाढल्यावर वीस मिनिटांनी ताटली उचलायची आणि लगेच धुवायची. कोरड्या डॉगफूडमध्ये चरबी असते आणि तिचा पातळ थर ताटलीखालच्या फरशीवर बसतो. तो नुसत्या पाण्याने जात नाही, साबणाचं फडकं लागतं. डॉगफूडची पिशवी दुमडून क्लिप लावणं पुरत नाही, ती पिशवीसकट रबराच्या कडेचं झाकण असलेल्या डब्यात ठेवावी. सोफ्याखाली किंवा गादीत लपवलेलं हाडूकही रोज काढायचं.

थांबून-थांबून खाणाऱ्या कुत्र्यासाठी परातीत दोन बोटं पाणी भरून मधोमध जड ताटली ठेवते. या पाण्यात साबण टाकायचा नाही, कारण कुत्रा ते पितोच. ताटली सरकून परातीच्या कडेला टेकली किंवा पाण्यावर केस आणि दाणे तरंगले, की मुंग्यांना पूल मिळतो. त्यामुळे पाणी रोज बदलायचं.

रांग दिसली की ती पुसून टाकावीशी वाटते, पण तिथे थांबावं लागतं. आधी रांग कुठून येते ते बघायचं. सिंकखालचा पाइप, खिडकीची चौकट, उंबऱ्याखालची फट, स्विचबोर्ड या नेहमीच्या जागा. तिथे पेन्सिलने खूण करायची आणि आमिष (बोरिक ॲसिड मिसळलेलं साखरेचं पाणी, कृती पुढे आहे) त्या जागेजवळच ठेवायचं. मुंग्यांना आमिष सापडलं की मग पुढची, घरात शिरलेली रांग साबणाच्या पाण्याने पुसायची. मुंग्या वासाच्या मागावर चालतात आणि साबणाने तो माग जातो. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तरी चालतं, पण कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर यांवर ते वापरू नये. हे दगड आम्लाने झिजतात आणि त्यांची चमक जाते.

आमिषासाठी औषधाच्या दुकानातली बोरिक ॲसिड पावडर घ्यावी. कॅरमची पावडर शुद्ध बोरिकच असेल असं नाही. 100 मिली कोमट पाण्यात 10 ग्रॅम साखर (चहाचे सपाट अडीच चमचे) आणि 1 ग्रॅम बोरिक (चहाच्या सपाट पाव चमच्याहून किंचित कमी) पूर्ण विरघळवायचं. प्रमाण वाढवण्याचा मोह इथे आवरायलाच हवा. बोरिक जास्त झालं तर मुंग्या वाटेतच मरतात किंवा आमिषाला तोंडच लावत नाहीत. ते हळूहळू वारुळात जाऊन राणीपर्यंत पोचलं पाहिजे.

फिरकीच्या झाकणाच्या छोट्या डबीला कडेने 3 मिलिमीटरची भोकं पाडायची, आत 10 मिली द्रावणात भिजवलेला कापूस ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचं. एका डबीत बोरिक जेमतेम 0.1 ग्रॅम असतं. मध्यम आकाराच्या कुत्र्याला खरी भीती गिळलेल्या कापसाची आणि प्लॅस्टिकची असते, त्याने आतडं अडू शकतं. म्हणून डबी खुणेजवळच, पण कुत्र्याला पोचता येणार नाही अशी, म्हणजे फ्रिजच्या मागे किंवा कडी असलेल्या कपाटात ठेवावी. सुरुवातीला मुंग्या वाढलेल्या दिसतील. त्या वेळी फवारा मारला तर सगळं वाया जातं. कापूस दोन-तीन दिवसांनी बदलायचा. येणं-जाणं पूर्ण थांबायला एक-दोन आठवडे लागू शकतात, त्यानंतरच भेगा बुजवायच्या: फरशीच्या फटीत पांढरं सिमेंट, पाइपाभोवती एम-सील, चौकटीला सिलिकॉन. आधी बुजवलं तर मुंग्या दुसरीकडून वाट काढतात आणि आमिष तिथेच पडून राहतं.

गोड आमिषाला मुंग्या येत नसतील तर त्यांना तेलकट हवं असू शकतं. अशा वेळी त्याच प्रमाणात (100 ग्रॅमला 1 ग्रॅम) बोरिक शेंगदाण्याच्या कुटात मिसळून पाहावं. बाजारातलं शेंगदाणा बटर घेतलंच तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना, हे वाचावं. ही गोडी कुत्र्यांना थोडीशीही जीवघेणी ठरू शकते.

घरगुती उपायांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण लोक ते निर्धास्तपणे करतात. कापूर, डांबरगोळ्या, लसूण, कॉफीचा चोथा, टी ट्री तेल हे सगळं कुत्र्यांना बाधतं. मिरचीपूड नाकाडोळ्यांत जाते. मिठाची रेघ कुत्रा चाटून साफ करतो. हळद आणि दालचिनी तुलनेने निरुपद्रवी आहेत, पण मुंग्या तेवढ्यापुरत्या वळसा घालून जातात, वारुळाला काहीच होत नाही. मुंग्यांच्या खडूत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक असतं. जमिनीवर रेघ ओढली की ते पंजाला लागतं आणि पंजा चाटताना पोटात जातं. घरात मांजरही असेल तर हा खडू आणूच नये, मांजरांना त्याचा फार जास्त त्रास होतो. कुठे जुनी गॅमेक्सीन पावडर (आता बंदी असलेलं कीटकनाशक) उरली असेल तर ती मुळीच वापरू नये.

कुत्र्याने काही खाल्लंच तर पाकीट किंवा डबी घेऊन लगेच पशुवैद्याला फोन करावा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नये, मीठ रक्तात चढून स्थिती आणखी बिघडते.

घरात अन्न कुठेही उघडं नसताना मुंग्या कुत्र्याच्या लघवीवरच जमत असतील, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. लघवीत साखर जात असेल तर असं होऊ शकतं. विशेषतः कुत्रा वयस्कर असेल, पाणी जास्त पीत असेल आणि वाळत चालला असेल, तर सकाळची ताजी लघवी स्वच्छ डबीत घेऊन तपासून आणावी.