बांगड्याची वाट आणि माझा खोळंबा

बांगडा आणि तारले ऋतूनुसार किनाऱ्यालगत कसे सरकतात, याचे मॉडेल बांधण्याचे काम मी पीएच.डी.साठी घेतले, तेव्हा समीकरणेच घाम काढतील अशी माझी समजूत होती. समुद्राचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात आज किती मासा आहे, शेजारून किती आला, किती गेला, किती मेला आणि किती पकडला गेला, याचा हिशेब पुढे नेत राहायचा, एवढाच त्याचा गाभा आहे. तो भाग दोन महिन्यांत उभा राहिला. उपग्रहांचे तापमानाचे आणि क्लोरोफिलचे (म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या हिरव्या द्रव्याचे) आकडे तर घरबसल्या मिळाले. गाडे अडले ते पकडीच्या नोंदींपाशी, आणि तिथे माझे सात महिने गेले.

ज्या कार्यालयात मी अर्ज दिला, तिथे दर पंधरवड्याला एकच उत्तर मिळे : ‘अर्ज वर गेलाय, खाली आला की कळवू.’ तो एकदा खाली आला, पण मार्गदर्शकांच्या पत्राची मूळ प्रत नसल्याने परत माझ्या हाती पडला. दुसऱ्यांदा येईपर्यंत संबंधित अधिकाऱ्यांची बदली झाली होती. शेवटी जो गठ्ठा मिळाला, त्यात जेटीचे नाव, माशाचे नाव आणि टन, एवढेच रकाने होते. गोव्यात पणजीजवळच्या मालीम जेटीवर उतरलेला बांगडा कारवारसमोरच्या पाण्यातला असू शकतो. जेटी हे मासा उतरल्याचे ठिकाण असते, सापडल्याचे नव्हे. शिवाय तेवढे टन एका पर्ससीनने, म्हणजे माशांचा थवा घेरणारे मोठे जाळे टाकणाऱ्या बोटीने, एकाच फेरीत आणले की वीस होड्यांनी आठवडाभर खपून, हे त्यातून कळत नव्हते. सर्वांत मोठी उणीव म्हणजे रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्यांचा त्यात मागमूसच नव्हता. जिथे मासा नव्हता ती जागा मॉडेलला ठाऊक नसेल, तर जिथे होड्या जातात तिथेच मासा असतो, असे ते खुशाल शिकून बसते.

दोष काही अंशी माझाही होता. ‘दहा वर्षांची मासेमारीची माहिती’ असे मोघम मागण्याऐवजी पकडीचा चौकोन, फेरीचे दिवस, जाळ्याचा प्रकार आणि रिकाम्या फेऱ्या, असे चार रकाने आखूनच अर्ज करावा. मी तसा दुसरा अर्ज केला, तेव्हा दोन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले की अशी नोंद ठेवली जात नाही. ही ओळ पहिल्याच दिवशी तोंडी सांगितली असती तरी माझे काम भागले असते.

मग मी जेटीवर जाऊ लागले. एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, जीपीएसचा पडदा तळहाताने अर्धा झाकून मला उरलेल्या अर्ध्या भागातले ठिपके दाखवले. त्या खुणा म्हणजे त्याची कमाई आहे, त्या तो दुसऱ्याला का देईल? अखेर अचूक जागा न विचारता केवळ चौकोनाचा क्रमांक लिहून घेण्यावर आमचे जमले. माझा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण 27 किलोमीटरचा आहे, त्यामुळे अख्खा गोवा दक्षिणोत्तर चार चौकोनांत मावतो. राज्याचा अधिकार चालतो ते 12 सागरी मैलांचे पाणी तर त्यातल्या एका चौकोनाच्या रुंदीतही संपते, आणि बांगडा मात्र कारवार ते मालवण मोकळा फिरतो.

आणखी एक गोष्ट राहिली : जेटीवरचे काम मे संपण्यापूर्वी उरकावे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि होड्यांवरचे बरेच कामगार आपापल्या गावी निघून जातात. त्याच दिवसांत ढगांमुळे क्लोरोफिलच्या नकाशांतही मोठी भोके पडतात. मॉडेलचा पहिला नकाशा मी त्या तांडेलाला दाखवला, तेव्हा जूनच्या पानावर बोट ठेवून त्याने विचारले, की त्या वेळी तिथे बघायला कोण गेले होते?